बाविसाव्या भागाला न हसलेले मामा

आमच्या देवपूरच्या मामांइतका इमानी वाचक खानदेशात झाला नाही आणि आता होणंही कठीण. एका फजितीबहाद्दर सरपंचावरच्या विनोदी कादंबऱ्या वर्षाला एक अशा निघत. भाग निघाला की मामा गॅरेज बंद करून जळगाव गाठत आणि परतीच्या एस.टी.तच हसायला सुरुवात करत. दोंडाईच्याला एका उत्तरकार्याच्या पंगतीत त्यांना सरपंचाची म्हैस आठवली आणि असा ठसका लागला, की गेलेल्यावर यांचा फार जीव असावा असं समजून चार पाहुणे त्यांची पाठ चोळत बसले.

बाविसाव्या भागाला मात्र मामा हसले नाहीत. आधी त्यांनी चष्म्याचा नंबर बदलला, मग डॉक्टरांना छाती दाखवली. शेवटी पहिला भाग काढला, तर तिसऱ्याच पानावर पलंग गदगदा हलू लागला. डोळे पुसत मला म्हणाले, "भाचा, बिघाड मनामा नही, पुस्तकमा शे!"

तेविसाव्या भागाच्या प्रकाशनाला लेखक जळगावला आले. भाषण संपताच मामा उठले. मी त्यांचा सदरा ओढत होतो, पण ते बोललेच, "भाऊ, बठ्ठा बावीस भाग वाचेल शेत मी. लिखताना तुमले सोताले हासू येस का?"

संयोजक माईककडे धावले. लेखकांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि हळूच म्हणाले, "पंधराव्यानंतर नाही आलं. पण तुम्ही वाट बघता, म्हणून लिहीत राहिलो."

"आन् मी तुमले वाईट वाटी म्हनीसन बाविसावा वाचत राहिनू!"

दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, की अख्खं सभागृह हसायला लागलं. लेखकांनी तिथेच जाहीर केलं, चोविसावा भाग नाही. खाली उतरून त्यांनी मामांना मिठी मारली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मामा कुस्ती मारल्यासारखे दोन्ही हात वर करून उभे होते.

परतीच्या गाडीत एरंडोल येईपर्यंत कंडक्टरसकट सगळ्यांना हा पराक्रम दोनदा ऐकवून झाला होता. पारोळ्यानंतर मामांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर कपाशीची शेतं मागे पळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"आम्ही दोन्ही सुटनूत रे. पन त्या सरपंचले आते कोन सांगी?"