दार उघडं, रोबो चालू

माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात सगळे ‘थांबजरा’ म्हणतात, आणि ते नाव त्याला अगदी शोभतं. पाणीसुद्धा फुंकून पिणारा माणूस. कुलूप लावून जिना उतरला, की ओढून बघायला पुन्हा वर. माझ्याकडे जेवायला आला, तर हात धुवायच्या आधी गॅसची नळी हुंगतो. अरे, बहिणीचं घर आहे, दारूगोळ्याचं कोठार नाही! असा हा भित्रा जीव वेल्डिंगचे रोबो दुरुस्त करतो.

मीही त्याच कारखान्यात. रोबोने जोडलेले खुर्च्यांचे सांगाडे माझ्या टेबलावर येतात, मी सांधे तपासते. माझ्यासमोरचा रोबो आमचे हे सांभाळतात. जाळीच्या पिंजऱ्यात तो लांबलचक हात ठिणग्या उडवत फिरतो, हे बाहेरून पाइप लावून देतात. पिंजऱ्याला एक दार आहे. ते उघडलं की रोबो जागच्या जागी थांबायला हवा, कारण समोर पाइप आहे की माणूस, हे त्या हाताला कळत नाही.

त्या आठवड्यात त्या मेल्या रोबोने आमचा जीव खाल्ला. चालता चालता मध्येच उभा. बटण दाबलं की चालू, जरा वेळाने पुन्हा ठप्प. बाहेरून इंजिनिअर आला, केबल बदलली, प्रोग्रॅम नव्याने भरला. त्याची पाठ वळली आणि रोबो परत उभा. माल न्यायला आलेली गाडी फाटकात खोळंबली होती. सुपरवायझरसाहेब ह्यांच्यावर खेकसले, की बाकीचे रोबो बरे चालतात, तुमच्याच हाताला काय झालंय? आज चालला नाही, तर उद्या इथे दुसरा माणूस उभा करतो. सासूबाईंची औषधं, मुलीचं कॉलेज, सगळं आमच्या दोघांच्या पगारावर चाललेलं.

शेवटी थांबजराला बोलावलं. आला तो हात पाठीमागे बांधून जाळीसमोर नुसता उभा. मी मनात चरफडत होते, की बाबा रे, देवदर्शनाला आलायस का? हात चालव काहीतरी! त्याने रोबो चालू करायला सांगितला, थोडा वेळ बघितलं, आणि सवयीप्रमाणे पिंजऱ्याचं दार ओढून पाहिलं. दार उघडलं. तो टुणकन मागे सरला, पांढराफटक पडला.

साहेब लगबगीने आले. कळलं का, का थांबतोय ते?

“थांबतोय ते सोडा, साहेब,” तो म्हणाला. “मी दार उघडलं, तेव्हा तो थांबला नाही.”

रोबो अजून आत ठिणग्या उडवत होता. भावाने तो बंद केला आणि दाखवलं. दारावर एक चपटी किल्ली बसवलेली असते. दार लावलं की ती चौकटीतल्या खाचेत जाते, उघडलं की निघते आणि रोबो बंद पडतो. कोणीतरी ती किल्ली दारावरून काढून कायमची खाचेतच खोचून ठेवली होती. हादऱ्याने ती क्षणभर हलली की रोबो उभा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

कोणी केलं हे, साहेबांनी विचारलं. हे बुटांकडे बघत राहिले. रोबोच्या तोंडाशी वितळलेल्या धातूचे थेंब साठतात, ते सारखे आत शिरून खरवडावे लागतात. दर वेळी थांबवा, पुन्हा चालू करा, यात वेळ जातो. ह्यांच्या सदऱ्याच्या बाहीला मध्यंतरी भोक पडलं होतं. ठिणगी उडाली म्हणाले, मी निमूटपणे रफू केलं. ती ठिणगी कुठे उभं राहून अंगावर घेतली, ते मला आता कळलं.

भावाने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं.

“बसवतानाच चुकलं असेल, साहेब,” तो म्हणाला. “मी नीट करून देतो.”

जन्मात खोटं न बोललेला माझा भाऊ, माझ्या संसारासाठी खोटं बोलत होता. साहेबांनी मानही डोलावली. नोकरी वाचली होती. आणि मला स्वच्छ दिसलं, की उद्या गाडी खोळंबली की हे ती किल्ली परत काढणार.

“ह्यांनी काढली,” मी म्हणाले. “हे चालू रोबोखाली शिरतात.”

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मला ओळखतच नाहीत. साहेबांनी ह्यांना पुढचं कळवेपर्यंत घरी बसायला सांगितलं. भावाने किल्ली दारावर पक्की केली, दार उघडलं, रोबो थांबला. तरी तो कितीदा तरी उघडून बघत होता.

रात्री घरी मी ताट वाढलं, ह्यांनी ते बाजूला सरकवलं. म्हणाले, “बायको असून घरी बसवलंस मला.”

“बसवलं,” मी म्हटलं. “जेवा आता.”

रागारागाने त्यांनी घास घेतला. साहेब काय कळवतील, देव जाणे. त्यांचा हात ताटातून तोंडाकडे जात होता, परत ताटात येत होता, आणि मी तेवढंच बघत बसले होते. काय बघतेस, त्यांनी विचारलं. काही नाही म्हटलं, आणि न मागताच त्यांना आणखी वाढलं.