केस मोकळे सोडलेली बाई

गाडी सुटायला सात मिनिटं उरली होती आणि बाबा अजून मिक्सरच्या खोक्याला सुतळीच गुंडाळत होते. वर्धा स्टेशन, दुपारचं ऊन, आणि आई चिवड्याचा डबा एका पिशवीतून काढून दुसरीत घालत होती, परत पहिलीत. दादा, तू खिडकीबाहेर उभा राहून नव्या जावयाला, विनयला, गाडीतल्या जेवणावर भाषण देत होतास, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये. मला रडू फुटलं तशी आई म्हणाली, "आता काहून रडून राहिली? तिकडं गेल्यावर रड. तिथं टाइमच टाइम भेटन तुले." ती चेष्टा करत होती. पण आईच्या चेष्टा पुढे खऱ्या व्हायच्या, हे तुलाही ठाऊक आहे.

बाबांनी शेवटची गाठ मारली आणि खोकं सीटखाली सरकवलं. "भिंती कुठंबी भेटतात पोरी," ते म्हणाले. "माणसं भेटत नाहीत. जाशीन तिथं माणसं धरून राह्य." मग गाडी हलली आणि ते दोन पावलं सोबत चालले.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. कालपर्यंत जे घर होतं त्यावर आज सरकारी पाटी दिसायची. विनयला एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली होती, आणि राजधानी बांधायची म्हटल्यावर तो सकाळी साइटवर जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. आम्ही समता कॉलनीत एका घराचा वरचा मजला घेतला. बाहेरून जिना, खाली पेरूचं झाड. मराठी माणसं शोधायला मी कुठं कुठं गेले म्हणून सांगू! सापडलीही. भोसल्यांच्या काळापासून इथं असलेली जुनी घराणी. हळदीकुंकवाला गेले तर सासवा माझ्याशी मराठीत बोलायच्या, सुना हिंदीत, आणि नाती टीव्हीशी. चांगली होती सगळी. पण त्यांचं आपसांत सगळं आधीच भरलेलं होतं, मला बसायला जागा नव्हती.

मग एक दिवस फुलमत स्वतःच फाटकाशी आली आणि काम आहे का विचारलं. पन्नाशीची, चांगली उंच, डोक्यावर घट्ट पदर. गाव कोणतं विचारलं तर म्हणाली, "दूरिहा हे दीदी." दूर आहे, एवढंच. मी खोदून विचारलं नाही. मीही कोणाला वर्ध्याचं काय सांगत होते? ती स्वयंपाकाला राहिली आणि हळूहळू घरातच मुरली, झोपायला तेवढी आपल्या खोलीवर जायची. केतकी झाली तेव्हा आई पंधरा दिवस येऊन गेली. पुढची दहा वर्षं फुलमत होती. केतकीला ती "नोनी" म्हणायची, म्हणजे पोट्टी. रोज संध्याकाळी जिन्यावर बसून तिच्या केसांना तेल लावायची. एकदाच, न्हाल्यावर, मी फुलमतचे स्वतःचे केस मोकळे पाहिले. गुडघ्यापर्यंत. मला पाहिल्याबरोबर तिने ते गोळा केले, जसं कोणी चोरीचा माल लपवावा.

केतकीचा वाढदिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी असतो. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा मी वर्गातल्या बारा मुलींना बोलावलं. पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली, माझ्यातली वर्धेकरीण दाखवायची हौस! एकही मुलगी आली नाही. खालच्या घरमालकीण तेवढ्या आल्या आणि दोन पोळ्या बांधून घेऊन गेल्या. साडेसातला केतकीने खुर्चीवर चढून सगळे फुगे स्वतःच काढले. एकही फोडला नाही, सावकाश गाठी सोडून हवा काढली. दादा, ती रडली असती तर मला झोप लागली असती.

पुढच्या वर्षी सप्टेंबरातच तिने मला बजावलं, "मम्मी, इस बार पुरनपोली मत बनाना प्लीज. हॅलोवीन पार्टी करते हैं. सब करते हैं." मी तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. हॅलोवीन म्हणजे काय ते मला शोधावं लागलं. आपण दिवाळीच्या तोंडावर घर झाडून इडापिडा हाकलतो, आणि ही पोरं भुतांना वाढदिवसाला बोलावतात. पण मी तयार होते. त्या महिन्यात कोणी मला सांगितलं असतं की गाढवाला जेवायला घाल म्हणजे मुली येतील, तर मी पान मांडलं असतं.

थीम माझी मीच काढली. आठवतं, बाबांनी भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि आपण तो जुना काळापांढरा भुताचा सिनेमा पाहिला होता? तू गोधडीत तोंड खुपसलंस आणि नंतर सांगितलंस की झोप लागली होती. एक पडकी हवेली, एक जिना, आणि पांढऱ्या साडीतली, केस मोकळे सोडलेली बाई हातात दिवा घेऊन उतरते. ती कोणाला काही करत नाही. नुसती उतरते आणि घरातले सगळे पळतात. आमच्याकडे जिना होता. आणि बाई, मला वाटलं, तीही होती.

गोल बाजारातून मी मांजरपाट आणलं, काळा कागद आणला, आणि चार मोठे लाल भोपळे. भोपळे कोरायला फुलमतला सुरी दिली तर तिने हात मागे घेतला. "कुम्हड़ा ला बाई मन नइ काटंय दीदी." इथल्या बायका आख्खा भोपळा कापत नाहीत, तो घरातला थोरला मुलगा मानतात, पहिला घाव पुरुषाने घालायचा. मला हसू आलं. विनय येईपर्यंत भोपळे तसेच पडून राहिले. एवढी भोळी बाई, म्हटलं, पांढऱ्या साडीला घाबरेलच थोडी. पण समजावू.

तिला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. काही करायचं नाही, मी म्हटलं, केस सोडायचे, दिवा घ्यायचा, जिना उतरायचा. तिचं लाटणं थांबलं.

"नइ दीदी. मोर से नइ होवय."

"काय आहे त्यात? नाटक आहे."

"चूंदी झन खोलवा दीदी." केस मोकळे करायला लावू नको, असं ती म्हणत होती.

मी ऐकायला हवं होतं. दहा वर्षांत तिने मला कशालाही नाही म्हटलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते फुगे होते. मी चार दिवस तिच्या मागे लागले. शेवटी मी रडले, अगदी खरी रडले, आणि म्हणाले, "या वर्षीही कोणी आलं नाही तर माझी पोरगी कायमची एकटी पडेल. तिच्यासाठी तरी कर." केतकीचं नाव काढलं की ती विरघळते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच काढलं. तिने पिठाचे हात धुतले. मग म्हणाली, "हव. नोनी बर कर देहूं." पोरीसाठी करीन.

संध्याकाळी सहाला अकरा मुली आल्या. अकरा! मी स्वयंपाकघरात जाऊन एकदा देवाला हात जोडून आले. मुली अंगणात बसल्या, भोपळ्यांत पणत्या लावल्या, मी खालचा दिवा मालवला. फुलमत वरच्या पायरीवर आली. दादा, काय दिसली ती! सिनेमातली बाई तिच्यापुढे काहीच नाही. एक एक पायरी उतरत होती, दिव्यावर हात धरून, नजर खाली. मुली एकमेकींना चिकटल्या. मला आनंद झाला, हे लिहायलाच हवं. मला फार आनंद झाला.

एका मुलीला आणलेला ड्रायव्हर फाटकाशी उभा होता. तो हसत ओरडला, "अरे, ये तो टोनही है!"

टोनही म्हणजे चेटकीण. मुलींना तो शब्द भलताच आवडला. एकीने टाळी वाजवली, दुसरीने धरली, आणि अकरा मुली तालात ओरडू लागल्या, टोनही, टोनही. कोणीतरी पॉपकॉर्न फेकले. आणि केतकी, माझी केतकी, त्यांच्या मधोमध उभी राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

फुलमत मधल्या पायरीवर खाली बसली. दिवा तिने सांभाळून बाजूला ठेवला. मग दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि अंग आवळून घेतलं. पॉपकॉर्न चुकवायला माणूस असं बसत नाही. पूर्वी कधीतरी असं बसावं लागलेला माणूसच असा बसतो. ते मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. मी धावले, दिवा लावला, मुलींना केक कापायला वर पिटाळलं.

भांड्यांच्या मोरीपाशी ती अंबाडा घालत होती. तो काही केल्या बसेना. मी बांधून द्यायला गेले तर सरकली. "गाँव म मोर चूंदी काट दे रहिन," ती म्हणाली. गावात माझे केस कापले होते. शेजारचं लेकरू तापाने गेलं, आणि सगळं गाव हिच्या दारात आलं. "ए चूंदी इहाँ आ के बाढ़े हे." हे केस इथं येऊन वाढलेत. तिने सांगितलं ते एवढंच. मी गाव सोडलं म्हणून स्वतःची कीव करत दहा वर्षं काढली होती, आणि माझ्या स्वयंपाकघरात गावाने हाकललेली बाई पोळ्या लाटत होती. इथं भिंतींवर रंगवलेलं असतं की बाईला टोनही म्हणणं गुन्हा आहे. येता-जाता शंभरदा वाचलं होतं मी. साबणाची जाहिरात वाचावी तसं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. कोपऱ्यावरचा पानवाला मला म्हणाला, "दीदी, आपकी बाई टोनही है क्या?" हसत म्हणाला, पण म्हणाला. ती राहायची त्या पाऱ्यात गेले, म्हणजे तिच्या वस्तीत. खोलीला कुलूप होतं. शेजारीण दार अर्धं लोटून बोलली: पहाटेच गेली, आणि बरं झालं, आमच्या घरी लहान लेकरं आहेत. मी भांडले, ओरडले, माझं नाटक होतं ते, माझी चूक होती, तिची काही नाही. दार लागलं. मी दाराशी बोलत राहिले.

केतकीला मात्र मैत्रिणी मिळाल्या. त्या हिवाळ्यात तिला सहा वाढदिवसांची बोलावणी आली. एकदा मी तेल लावत असताना तिने विचारलं, "आई, फुलमत कधी येणार?" मराठीत विचारलं, तिच्या मनाने. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते असं आलं, आणि मी तिच्या डोक्यावर परत तेल ओतलं.

मी तिला शोधत राहिले. मजुरांच्या अड्ड्यावर, बसस्टँडवर, प्रत्येक उंच बाईच्या मागे. दीड वर्षाने गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात दिसली. एका म्हाताऱ्या बाईबरोबर आली होती, कढई वाजवून बघत होती. पदर घसरला होता. केस कानापर्यंत कापलेले, स्वतःच कापल्यासारखे वेडेवाकडे. मी गर्दीतून ओरडले, "फुलमत दीदी!"

ती वळली. माझ्याकडे नीट पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "मैं फुलमत नोहंव दीदी."

मी फुलमत नाही. म्हातारी विचारू लागली, "कोन हे ओ, सुखिया?" माझ्या जिभेवर दहा वर्षं होती. माफी होती, केतकी होती, बाबांचं वाक्य होतं. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर तिचा हात हातात आला असता. आणि तिचं तिसरं घर त्याच बाजारात मोडलं असतं.

"गलती हो गई," मी म्हटलं. "मुझे कोई और लगी."

तिने पदर डोक्यावर घेतला आणि कढईकडे वळली.

दादा, तू दर फोनवर विचारतोस, घरी कधी येतेस? कोणतं घर रे? बाबा गेले, वर्ध्याला तुझा संसार आहे, आणि इथं मी रोज त्या जिन्याने चढते-उतरते. त्या दिवशी घरी आले तेव्हा केतकी मधल्या पायरीवर, तिच्याच पायरीवर, तेलाची बाटली घेऊन बसली होती. "भेटली का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि तिच्या मागे बसून वेणी घालायला घेतली.