मागच्या पडवीतलं नेट

भांगरवाडीतल्या त्या बैठ्या घरांच्या ओळीत कुणाचा फ्यूज उडाला, मिक्सर बंद पडला, की पहिली हाक नसीरभाईंना जायची. त्यांची सगळी हयात रेल्वेच्या विजेच्या कामात गेली होती. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिनं दुरुस्त करता करता केस पांढरे झाले, पण हातच्या कामात कधी खोट निघाली नाही. त्यांचा दुसरा लौकिक याहून मोठा होता. रेल्वेचा एक स्क्रूसुद्धा या माणसाच्या खिशातून घरी आला नाही, असं लोक सांगत. लोक सांगायचे विसरले, तर नसीरभाई स्वतः आठवण करून देत.

निवृत्तीनंतर त्यांनी घरी इंटरनेट घेतलं ते लेकीसाठी. रुखसार लग्न होऊन मिरजेला गेलेली. तिची धाकटी जन्नत फोनवर दिसली की नसीरभाई आणि मेहमुदाबी दोघांचाही दिवस चांगला जायचा. जोडणीला आलेल्या सुरजने वायर ओढली, राउटर चालू करून दिला आणि जाता जाता म्हणाला, "काका, आम्ही सुरुवातीला सगळ्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड टाकून देतो. तेवढं आजच बदलून घ्या. आणि हा डबा लोखंडी कपाटामागे नका ठेवू, रेंज अडते."

"मी इंजिनांची वायरिंग केलीये बाळा," नसीरभाई हसून म्हणाले. "एवढं कळतं मला."

सुरज गेला. राउटर कपाटामागेच राहिला, कारण तिथे तो दिसत नव्हता आणि वायर सरळ जात होती. नाव-पासवर्डाचं उद्या बघू म्हणता म्हणता राहूनच गेलं. नेट तर झकास चालत होतं. दुपारचं जेवण झालं की नसीरभाई मागच्या पडवीत खुर्ची टाकत, कारण तिथे गार वारा यायचा, आणि जगभरच्या रेल्वेगाड्यांचे व्हिडिओ बघत बसत. चहाची वेळ झाली तरी हलत नसत.

त्या पडवीला लागून शेजारच्या संदेशची पडवी. मधे कमरेएवढी भिंत. संदेश तळेगावच्या कारखान्यात होता. त्याची आई बयाबाई मूळची टाकवे बुद्रुकची. दरवर्षी घरच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ आला की पहिली पायली मेहमुदाबींकडे यायची. संदेशची बायको कोमल तिकोणा पेठेची. लग्नाला वर्ष झालं होतं. एका रिसॉर्टच्या बुकिंगचं काम ती घरी बसून करायची. कामातून उसंत मिळाली की भिंतीपलीकडून, "काकी, काय चाललंय?" म्हणत मागच्या दारानेच घरात यायची. त्यांच्याकडचं नेटही त्याच कंपनीचं होतं.

एका शनिवारी नसीरभाईंनी एक व्हिडिओ पाहिला. आपलं वाय-फाय दुसरं कुणी वापरतंय का, ते कसं ओळखायचं, असा. सांगितल्याप्रमाणे ते पुढच्या खोलीत राउटरजवळ बसले आणि फोनवर त्याचं पान उघडलं. जोडलेल्या फोनांच्या यादीत त्यांचा फोन होता, टीव्ही होता आणि खाली चक्क 'कोमल' असं नाव होतं.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेट जाण्याचं दुःख नव्हतं. आपल्या घरातली वस्तू न विचारता घेतली, हे त्यांना सहन होईना.

"पोर आहे. घरात बोलावून विचारा," मेहमुदाबी म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची टाकी धुवायच्या निमित्ताने सगळी ओळ पुढच्या सामाईक ओट्यावर जमली होती. कोमलही फोनवर कुणाला तरी खोलीचे दर सांगत उभी होती. तिचा फोन संपायची वाट पाहून नसीरभाई मोठ्याने म्हणाले, "कोमल, दुसऱ्याचं नेट वापरायचं असेल तर विचारायची रीत असते."

तिला आधी कळलंच नाही. "काका, आमच्याकडे आहे की नेट. मी कशाला तुमचं वापरू?"

"हे बघ तुझं नाव." त्यांनी फोन सगळ्यांसमोर धरला. "माणूस खोटं बोलेल, मशीन बोलत नाही."

कोमलचं तोंड उतरलं. तिने इकडेतिकडे पाहिलं. बाजूने बोलायला कुणी नव्हतं. संदेश रविवार असूनही पाळीवर गेला होता. बयाबाई हातातली बादली ठेवून पुढे आल्या. "नसीरभाऊ, माजी सून चोर न्हाई. तुमी शिकल्यालं मानूस, काय बोलताय ते बघा." एवढं बोलून त्यांनी सुनेला आत नेलं.

आपण बरोबरच केलं, असं नसीरभाईंना वाटत होतं. त्याच तिरमिरीत त्यांनी राउटरचं पान पुन्हा उघडलं आणि वायफायचं नाव बदललं, लांबलचक पासवर्ड घातला. राउटरच्या पानात शिरायचा कंपनीचा पासवर्डही बदलला. मग नवा पासवर्ड आपल्या फोनमध्ये भरून जेवले आणि सवयीने मागे पडवीत जाऊन बसले.

व्हिडिओ सुरू झाला. बर्फातून आगगाडी चालली होती. सहज त्यांचं लक्ष गेलं, तर फोन जुन्याच नावाला जोडलेला. ते नाव तर त्यांनी सकाळीच पुसलं होतं. काहीतरी चुकलं असेल म्हणून ते उठले, कपाटामागे हात घालून राउटरचं बटण बंद केलं आणि परत येऊन पाहिलं. आगगाडी चालूच होती.

मेन स्विच बंद करूनही दिवा जळत असेल, तर वीज दुसरीकडून येते. हे त्यांनी किती नव्या पोरांना शिकवलं असेल! त्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं. संदेशच्या खिडकीत, अगदी पडवीच्या तोंडावर, तसाच पांढरा डबा लुकलुकत होता. तेच नाव, तोच पासवर्ड. इथे मागे कपाटाआडून त्यांची रेंज कधी पोचलीच नव्हती. जोडणी झाल्यापासून रोज दुपारी ते कोमलच्या नेटवर बसले होते. आणि ती पुढच्या ओट्यावर उभी राहिली की तिचा फोन आपोआप त्यांचं नेट पकडत होता, तेही घडीभर.

"काकी, दुपारी नेट फार अडकतं हो, गिऱ्हाइकाचा फोन मधेच तुटतो," असं ती मेहमुदाबींना कितीदा म्हणाली होती. ते ऐकताना नसीरभाई तिथेच, त्या खुर्चीत बसलेले असत.

त्यांनी फोन उपडा ठेवला. हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं आणि कळण्याचं कारणही नव्हतं. हा विचार मनात आला, याचीच त्यांना जास्त शरम वाटली. तरी ते गप्प राहिले. पुढच्या दिवशीही गप्प राहिले. समोरच्या निलेशने जाता-येता कोमलला, "वहिनी, आमच्या वायफायवर तरी दया करा हं," असं हसत म्हटलं, तेव्हा नसीरभाई दारातच उभे होते. ते आत वळले.

त्याच संध्याकाळी कोमल माहेरी निघून गेली.

रात्री नसीरभाई जेवायला बसले. त्यांनी मेहमुदाबींना सगळं सांगितलं. त्या ताट उचलताना म्हणाल्या, "मला कशाला सांगताय?"

सकाळी ते बयाबाईंच्या दाराशी गेले. बयाबाईंनी ऐकून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. आत या म्हणाल्या नाहीत. "ती तिकडं हाय. तितं जा," एवढंच बोलल्या.

कामशेत स्टेशनला उतरून, मिळेल त्या गाडीने नसीरभाई तिकोणा पेठेत पोचले. कोमलचे वडील गोरख अंगणात गवताचे भारे रचत होते. नाव ऐकताच त्यांनी हात धुतले, आतून खुर्ची आणली, ती पंच्याने पुसली.

"बसा, बसा. पोरगी तुमचं लय सांगती. आमचे काका रेल्वेत हुते म्हनती, पर कुनाच्या काडीला हात लावला न्हाई. अशी मान्सं शेजारी हायेत म्हनून आमाला घोर न्हाई."

म्हणजे तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं. नसीरभाईंना त्या खुर्चीत बसवेना. कोमल चहा घेऊन आली, कप ठेवला आणि उंबऱ्याशी उभी राहिली. ते उठले आणि तिच्या वडिलांदेखत सगळं सांगून टाकलं. ओट्यावर काय बोललो ते, पडवीत काय कळलं ते, आणि कळल्यावरही गप्प कसा राहिलो तेही. "तू नव्हतीस बेटा. घेणारा मी होतो. माफ कर."

गोरखभाऊंनी लेकीकडे पाहिलं.

"काका," कोमल म्हणाली, "इथं तर मला कुणी चोर म्हणालंच नव्हतं."

चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ओट्यावर लोक जमले, तेव्हा नसीरभाई उभे राहिले. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुणी खोकलं, कुणी फोनमध्ये बघायला लागलं. निलेश म्हणाला, "जाऊ द्या ना काका, वायफायचं काय एवढं!"

"तुझं नाव नव्हतं घेतलं मी," नसीरभाई म्हणाले. "तिचं घेतलं होतं."

कोमल दोन-चार दिवसांनी परत आली. सुरजला बोलावून तिने आपल्या नेटचं नाव आणि पासवर्ड बदलून घेतला. नसीरभाईंनी घरोघर जाऊन ज्यांनी बदललं नव्हतं त्यांना बदलायला सांगितलं आणि कपाटामागचा राउटर मधल्या भिंतीवर फळी ठोकून वर ठेवला. तरी मागे रेंज जेमतेमच येई. बयाबाई पुन्हा बोलू लागल्या, सणाला गोडाची वाटी आली. कोमलही भेटली की "काका" म्हणायची, मान ठेवून बोलायची, पण पुढच्या दाराने, बेल वाजवून.

एका दुपारी ते पडवीतली वाळलेली गादी काढायला गेले, तर ती भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती.

"काका, येते का हो आता मागे रेंज?"

"नाही. मी पुढेच बसतो आता."

तिने मान हलवली, उरलेला टॉवेल दोरीवर टाकला आणि आत गेली. तिने काळजीने विचारलं, की खात्री करून घ्यायला, हे नसीरभाईंना कळलं नाही. खात्री करून घेतली असेल, तरी तो तिचा हक्कच होता, असं त्यांना वाटलं. गादी खांद्यावर टाकून ते पुढच्या खोलीत आले.