नरहररावांचं घटकेसर

कुणाच्याही घरात पहिल्यांदा गेले की नरहरराव आधी बसत नसत, पावलं मोजत. आम्ही विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो त्या दिवशीची गोष्ट. खोकी अजून उघडलेली नव्हती, मंगला, माझी बायको, चहाचं पातेलं शोधत होती. समोरच्या दारातून लेंगा-बनियन घातलेले एक उंच गृहस्थ आले, "नमस्कार, मी उदगीरकर, समोरचा," एवढं म्हणाले आणि आमच्या हॉलमध्ये टाचेला चवडा लावत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागले. मग आडवे चालले. "साडेदहा बाय बारा," त्यांनी जाहीर केलं. "बिल्डरनं तुम्हाला अकरा बाय तेरा सांगितलं असंल. मला बी तेच सांगितलं होतं. फिकर नक्को करा, सगळे सारखेच फसलोत." मंगला तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र राग आला. घर घेऊन आठवडा झाला नव्हता आणि हा माणूस ते सगळ्या बाजूंनी लहान करून गेला होता.

पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले, त्यातले बरेच कालवे कागदावरच राहिले. त्याचं त्यांना काही वाटत नसे. नकाशा झाला की काम झालं, अशी त्यांची पक्की समजूत. कुठलीही अडचण सांगा, खिशातली पेन्सिल निघायची, वर्तमानपत्राच्या कडेला दोन रेघा मारल्या जायच्या आणि मग ते ठरलेलं वाक्य: "हे तर झालंच समजा." माझ्या मुलाची शाळेतली अ‍ॅडमिशन, जिन्यातला दिवा, तळमजल्याचं तुंबलेलं गटार, सगळं झालंच समजा. गंमत म्हणजे त्यातलं निम्मं खरोखर व्हायचं, कारण ते होईपर्यंत हा माणूस समोरच्याला सोडायचा नाही.

बिल्डिंगमध्ये घरं सहा. मराठी आम्ही दोघेच, बाकी चार तेलुगू. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग पोरं मोठी झाली, गाड्या वाढल्या आणि पार्किंगवरून रोजची कटकट सुरू झाली. समोरचा रस्ता दरवर्षी थर चढून इतका उंच झाला की पाऊस आला की पाणी आमच्या सम्पमध्ये, जमिनीखालच्या टाकीत. पाणी एक दिवसाआड यायचं, तेही गढूळ. ऑफिसातून घरी यायचं, गाडी लावायला जागा शोधत दोन चकरा मारायच्या, मग जिना चढायचा. मी तर चाळिशीतच कंटाळून गेलो होतो. कंटाळा सगळ्यांनाच आला होता. नरहररावांनी फक्त त्याचा नकाशा काढला.

"सगळ्यांनी एकदमच जायचं," एका संध्याकाळी ते गच्चीवर म्हणाले. "घर बदलायचं तर बदलू. शेजार कायको बदलायचा? बिल्डिंगच उचलून नेऊ." आम्ही हसलो. पण पुढच्या रविवारी दोन जीप भाड्यानं करून सहाही कुटुंबं घटकेसरला निघाली, मांडीवर पुळिहोऱ्याचे, चिंचेच्या भाताचे डबे घेऊन. शहराच्या टोकाचं उप्पल मागं पडलं की तेव्हा घरं विरळ व्हायची. घटकेसरच्या पुढं आडबाजूला लाल माती, मोठाले खडक आणि ओळीनं रोवलेले हद्दीचे दगड, एवढंच ते व्हेंचर, म्हणजे विकायला प्लॉट पाडलेली जागा. बायका छत्र्या उघडून उभ्या राहिल्या. नरहररावांनी चपला काढल्या आणि भर उन्हात सहाही प्लॉट पावलांनी मोजले. दोन महिन्यांत सहाही घरांनी प्लॉट घेतले. माझा त्यांच्याला लागून.

त्यांनी मग ट्रेसिंग पेपरवर आमची वसाहत काढली. कुणाचं स्वयंपाकघर कुठं, कुणाची खिडकी कुणाच्या अंगणाकडे. प्रत्येक दोन घरांमधल्या भिंतीत एक छोटं फाटक दाखवलं होतं. मी विचारलं, हे कशाला? "मग साखर मागायला काय रस्त्यावरून जायचं? मागच्या मागं यायचं."

रिटायर झाल्या झाल्या त्यांनी फ्लॅट विकला आणि घर बांधलं. निघाले त्या दिवशी अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. त्यांच्या बायको शकुंतलाकाकू डोळे पुसत होत्या आणि नरहरराव टेम्पोत चढून सांगत होते, "रडायचं काय त्यात? मी पुढं जाऊन बंदोबस्त करतो. तुम्ही सावकाश या. हे तर झालंच समजा."

झालं काहीच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचा मुलगा बेंगळुरूला गेला आणि आईबापांना घेऊन गेला. तळमजल्याच्या बाईंनी नवरा गेल्यावर प्लॉट विकून टाकला. मग आणखी दोघे गळाले. दर वेळी नरहररावांचा फोन यायचा. "कळलं का? असू दे. चौघं तर आहोत." मग, "तिघं आहोत, पुष्कळ झालं." आणि शेवटी, "आपण दोघं आहोत ना सुधाकरराव, बस. जास्ती लोक बी नक्को, भांडणं होतात." मी "हो, हो" म्हणायचो. माझं 'हो' फार स्वस्त होतं.

आम्ही वर्षातून दोनदा त्यांच्याकडे जायचो. त्यांनी सगळीकडून कंपाउंडची भिंत घातली होती, फक्त आमच्या बाजूला तीन फुटांची जागा उघडी सोडलेली. त्या वाटेनं डुकरं यायची आणि काकूंचं अळू उकरून टाकायची. काकू वैतागायच्या. "सुधाकर, तुम्ही तरी सांगा यांना. एक दिवस विटा लावून बुजवा म्हणते, तर ऐकत नाहीत." नरहरराव म्हणायचे, "आज बुजवायचं अन् उद्या पुन्हा फोडायचं का? फाटक तिथंच येणार आहे. यांनी घर काढलं की झालंच." आणि माझ्याकडे बघायचे. मी पाणी प्यायचो.

खरं सांगायचं तर आम्हाला जायचंच नव्हतं. मंगलाचे डॉक्टर इथं, लेकीचं घर इथं, आणि नव्या जागी जाऊन भाजीवाल्यापासून सगळं नव्यानं जमवायचा जीव माझ्यात उरला नव्हता. मुलाला घर घ्यायचं होतं, तेव्हा प्लॉट विकायचं ठरलं. यात गैर काहीच नव्हतं. गैर पुढं केलं. गिऱ्हाईक प्लॉट बघायला येणार म्हटल्यावर मी नरहरराव घरी नसतील असा दिवस शोधला. ते दोघं लेकीकडे निझामाबादला गेले होते, तो आठवडा मी बरोबर साधला. रजिस्ट्री झाली. "काकांना सांगितलंत ना?" मंगलानं विचारलं. मी सांगितलं म्हणालो.

सांगायला गेलो नाही असं नाही. तीनदा गेलो. एकदा ते तापानं पडले होते. एकदा घरात पाहुणे होते. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, ते व्हरांड्यात बसून मला विचारत होते की तुमचं देवघर पूर्वेला काढू की ईशान्येला, आणि मी म्हणालो, ईशान्येला. असा मी माणूस!

वर्ष गेलं. एका सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला. "सुधाकरराव, कब्जा होऊन राहिला! तुमच्या प्लॉटवर जेसीबी आणलाय. मी समोर खुर्ची टाकून बसलोय. कागद घेऊन या. तोवर हलत नाही."

"काका, जरा ऐका..."

"बोलण्यात टाइम नक्को घालवा. निघा." फोन बंद.

मला परत लावता आला असता. लावला नाही. मंगलानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. "तुम्ही सांगितलं म्हणाला होतात," एवढंच बोलली. आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाली.

जाऊन बघतो तर खरोखरच नरहरराव प्लॉटच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. डोक्यावर ओला टॉवेल, समोर पिवळा जेसीबी, ड्रायव्हर बाजूला सावलीत बिडी ओढतोय. आम्ही कधीकाळी लावलेली आंब्याची दोन झाडं त्यांच्या पाठीशी होती. चांगली माझ्याहून उंच झालेली. ज्यानं प्लॉट घेतला तो श्रीनिवास, साधा शाळामास्तर, हातात कागदांची पिशवी घेऊन उभा. त्याची बायको भूमिपूजेचं ताट घेऊन उन्हात तिष्ठत होती. नारळ, हळद-कुंकू, फुलं पार कोमेजलेली. मला बघून श्रीनिवासच्या जिवात जीव आला. तो काही बोलणार, तेवढ्यात नरहररावच बोलले.

"आलात? बरं झालं. हे बघा, रजिस्ट्रीचा कागद दाखवतात! शिक्के बी बरोबर मारलेत. दुसरा असता तर फसला असता. मी म्हटलं, आमचे सुधाकरराव मला सांगितल्याशिवाय विकायचे नाहीत. तेवढ्यावरून कळलं मला, कागद खोटा आहे. चला, पोलीस स्टेशनला जाऊ."

मला वाटलं, जमीन फाटावी. शेवटी म्हणालो, "काका, कागद खरा आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. "कुठला?"

"यांचा. मी विकलाय. मागच्या वर्षी."

नरहररावांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नकाशात रेघ चुकीची पडली की चष्मा वर करून बघायचे, तसं. मग त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले आणि उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. मी पुढं होणार, त्याआधी श्रीनिवासनं हात दिला. त्याचा हात धरून ते उभे राहिले, टॉवेल डोक्यावरून काढला आणि त्या मास्तरपुढं हात जोडले. "माफ करो साब. गलती हमारी है. हमारे सुधाकरराव मेरेकू बोलना भूल गए. आपकी पूजा खोटी हुई. अम्मा, धूप में नक्को ठैरो, हमारे घर में पानी पियो, फिर पूजा करो."

विसरलो नव्हतो. ते त्यांनाही कळत होतं. पण चार परक्या माणसांत त्यांनी मला खोटारडा ठरू दिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

श्रीनिवासनं अदबीनं विचारलं, झाडांचं काय करू? नरहरराव म्हणाले, "तुम्हारी जगा है. नींव में आ रहे तो निकालो." आणि खुर्ची उचलून घराकडे चालू लागले.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. आम्ही खाली मान घालून वरण-भात कालवत होतो आणि बाहेर जेसीबीचा आवाज सुरू झाला. झाडं निघाली असावीत. नरहररावांनी ताटातलं सगळं संपवलं. मंगलाला लेकीची खुशाली विचारली, मला विचारलं की पेन्शनचे कागद पुरे झाले का. नसले तर मी येतो तुमच्याबरोबर, असंही म्हणाले. काकू एवढंच बोलल्या, "बाई, वाढू का अजून?" त्यांचं डोळ्याला पदर लावणं मी बघितलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर दोन वर्षांनी नरहरराव गेले. मधल्या काळात आम्ही भेटलो, बोललो, एकदा तर पोटभर हसलोही. शेवटच्या दिवशी मी पोचलो तेव्हा सगळं श्रीनिवासनं बघितलं होतं. माणसं बोलावण्यापासून लाकडांपर्यंत. मी स्मशानात इतरांबरोबर बाकावर बसलो. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचेच. आम्ही निघालो होतो, मंगला गाडीत बसली होती, आणि ते हळूहळू, एकेक पाय जपून टाकत गाडीपाशी आले. खिडकीवर हात ठेवला.

"सुधाकरराव, एक बोलू का?"

"बोला ना काका." मला वाटलं, आता बोलतील. मी तयार होतो.

"विकला ते काही नाही. ज्याची त्याची अडचण असते. पण तेव्हाच सांगून टाकायचं होतं." त्यांचा आवाज थकलेला होता, त्यात टोमणा नव्हता. डॉक्टरला दुखणं सांगावं, तसे ते सांगत होते. "तुमच्या झाडांना रोज चार बादल्या लागत होत्या. आमचा पाइप तिथवर पोचत नाही. वर्षभर गुडघे फार दुखले हो."