वायर काढून बघा, सर

पप्पांच्या एका कानात कायम ब्लूटूथचा पांढरा इअरबड असतो. दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. माणिकपूरच्या स्टँडवर त्यांची रिक्षा लागते, आणि तिथल्या निम्म्या रिक्षावाल्यांचं हेच असतं. हे आधी सांगते, कारण माझी लाज तिथूनच सुरू होते.

बारावीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी बिनबॅटरीचा रेडिओ केला. तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक डायोड, ऐकायला जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर, बस. पापडी गावात आमच्या वाडीत एक वायर आंब्यावरून चिकूवर ताणली, दुसरी, अर्थिंगची, विहिरीशेजारच्या ओल्या मातीत पुरली, आणि रिसीव्हरमधून बारीक आवाजात बातम्या आल्या! पप्पा तो कानापासून दूर करेचनात.

"सेल नाही, लाईट नाही, मग ह्याला ढकलतंय कोण?"

भाषणाची तालीम मी त्यांच्यावरच केली. विजेचं क्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र उठतं, ते बदललं की पुन्हा विजेचं. दोघं एकमेकांना उठवत पुढे जातात. रेडिओची लाट तशीच आणि प्रकाशही तसाच, फक्त लाटेची लांबी वेगळी. मध्ये हवासुद्धा लागत नाही.

"काहीच नाही त्यातून कसं येईल गं बाय? रस्ता नको?"

"नको. सूर्यापासून इथपर्यंत कोणी डांबर टाकलंय का?"

पप्पा हसत सुटले. पण दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी मी वैतागले. "जाऊ द्या पप्पा, तुम्हाला नाही कळणार."

प्रदर्शन माणिकपूरच्या एका हॉलमध्ये होतं. सगळं सामान सकाळी पप्पांनीच रिक्षातून नेऊन टेबलावर मांडलं. मी पोचले, रिसीव्हर कानाला लावला, तर आवाज वाडीतल्यापेक्षा खणखणीत! मी तर हवेतच. परीक्षक आले, मी घडाघडा बोलले, त्यांनी ऐकलं, मान डोलावली. तिथे थांबावं ना? पण माझ्या जिभेला हाड कुठे!

"वायर काढून बघा, सर. लाट पकडणारं काही उरलं नाही की लगेच गप्प."

सरांनी वायर काढली. मग अर्थिंगचीही काढली. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. आतली बाई नारळावरच्या भुंग्याबद्दल निवांत माहिती देत होती. देवाशप्पथ, क्षणभर मला वाटलं, मला काहीतरी नवीनच शोध लागलाय.

सरांनी रिसीव्हरचं झाकण फिरवलं. आतून पांढरा इअरबड टेबलावर पडला.

"याचा जोडीदार कोणाकडे आहे?" सरांनी विचारलं. मी नकळत दाराकडे पाहिलं, तशा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दारात पप्पा, खाकी शर्ट, कानात दुसरा इअरबड, हातात मोबाईल. हॉलवर लोखंडी पत्रे होते, लाट आत येतच नव्हती, ते सकाळी त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून मोबाईलवरचा रेडिओ त्यांनी रिसीव्हरमध्ये सोडला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त लोकांचं हसणं कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोण हे? तुझे कोणी आहेत?"

"नाही सर," मी म्हणाले. "ओळखत नाही."

त्या दोन शब्दांची लाज अजून जात नाही. झोपेतून उठले तरी आधी तीच आठवते.

पप्पांनी इअरबड काढून खिशात टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "रिक्षावाला आहे सर मी. पोरीचं सामान आणलं होतं. मस्करी केली, चुकलं माझं. तिला काही ठाऊक नव्हतं." आणि ते बाहेर गेले.

सरांना माझी दया आली असावी. समजावून छान सांगितलं म्हणून मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. संध्याकाळी माईकवरून नाव पुकारलं. आपल्याकडे नाव काही एकटं पुकारत नाहीत. आधी माझं, मग मधोमध पप्पांचं, मग आडनाव. बाहेरच्या कर्ण्यावरूनही तेच रस्त्यावर गेलं.

स्टेजवरून उघडं दार दिसत होतं, आणि दाराबाहेर आमची रिक्षा. स्वतःचं नाव ऐकून पप्पा सीटवरून अर्धे उठले. मग काहीतरी आठवून परत बसले.