हर्षाताईचा जपान

समुद्रपुरात कुणाला जपानबद्दल काही विचारायचं असलं की तो हर्षाकडे यायचा. ती तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायची, आणि जपानचं परराष्ट्र धोरण हा तिच्या अर्धवट राहिलेल्या पीएच.डी.चा विषय. जपान तिने पाहिला नव्हता. तरी दर बुद्धपौर्णिमेला विहारात तिचं जपानवर भाषण झालं की बाया म्हणत, "हे सारं आपल्या हर्षालेच समजते."

यंदा विहार समितीच्या अण्णाजींनी तोच विषय काजलला दिला. काजल हर्षाची चुलत बहीण. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात कामाला होती, सुट्टीवर आली होती.

"जे तिथं राह्यते तिले जास्त माहीत असन ना," अण्णाजी म्हणाले.

हर्षा हसली. घरी पोचेपर्यंत ते हसू तोंडात कडू झालं होतं. त्यातून विहाराची रीत अशी, की गेल्या वर्षीच्या वक्त्याने यंदाच्या वक्त्याची ओळख करून द्यायची.

पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील झालं. पांढऱ्या साडीतली हर्षा माईकपुढे आली, काजलच्या नोकरीबद्दल एक वाक्य बोलली आणि तिथून जी निघाली ती थांबेचना. अमेरिका आज मित्र म्हणते, उद्या त्याच मित्राच्या मोटारींवर कर लावते. चीनची जहाजं बेटांभोवती फिरतात. म्हणून जपान अमेरिकेचा हात न सोडता ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स, भारत, सगळ्यांशी सोयरिक जोडतो आणि स्वतःची फौजही वाढवतो. काजलसाठी एकही मुद्दा उरू द्यायचा नाही, हे तिने ठरवलंच होतं.

"मंग अमेरिकेले सोडत काऊन नाई?" मागे बसलेला प्रेमदास ओरडला.

"सोडून जाईन कोठी? शेजारी चीन बसून आहे ना!"

लोक हसले. हर्षाला बरं वाटलं.

काजल उठली. "ताईनं सारंच सांगून टाकलं. मले तर अर्धं आत्ताच समजलं. तूच बोल ताई, मी आयकतो." आणि ती सतरंजीवर जाऊन बसली.

हर्षा पुढेही चांगलंच बोलली. पण माना सतरंजीकडे वळत होत्या. खिरीच्या वाट्या घेऊन सगळे काजलभोवती जमले. थंडी किती पडते, भात कसा असतो, म्हाताऱ्या रडल्या की काय म्हणतात.

घोळका ओसरेपर्यंत हर्षा थांबली.

"काजल, खरं सांगजो. तिथले लोक भ्याले आहेत काय? वेळ आली तर अमेरिका मदतीले येईन, असं वाटते त्याइले?"

"मले नाई माहीत, ताई. ड्युटी करतो, येतो, झोपतो. बातम्या लागल्या की मी फोन पाह्यतो."

हर्षाला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. त्या देशात राहून हिने काही पाहिलंच नव्हतं.

"आमच्या आश्रमातल्या एका आजीले विचारू," काजल म्हणाली. "व्हिडिओ कॉल लावतो. आजी जे बोलन ते मी तुले सांगतो."

जपानशी आपलं पहिलं बोलणं हिच्या तोंडून होणार, हे हर्षाला सोसेना.

"उद्या किती वाजता येऊ?" तरीही तिने विचारलं.