आधी खांदा, मग कंबर

हळदीला डीजे लावल्याशिवाय आता कोल्हापुरात लग्न लागत नाही. परवा चुलत्यांच्या नातीच्या हळदीला गेले होते. सगळ्यांनी पिवळंच घालायचं, असा फोनवर हुकूम होता. नाच शिकवायला खास एक मुलगी बोलावली होती. ती माइकवरून ओरडली, "आता हुक स्टेप!" आणि मांडवातल्या झाडून सगळ्यांनी एक खांदा पाडला आणि कंबर झटकली.

मला किळस आली. नाचाची नव्हे. पुढं उभं राहून शिट्ट्या मारणाऱ्या तात्यांची, म्हणजे आमच्या या चुलत्यांची.

हा झटका मी फार आधी पाहिलाय. गौरीत आमच्या हातकणंगल्याच्या घरी गल्लीतल्या बायका जमायच्या. दार आतून लावून झिम्मा, फुगडी आणि मग वाट्टेल तो धुडगूस. पुरुषांना आत यायची बंदी. तिथं माझी थोरली बहीण, आक्का, अगदी असाच खांदा पाडून कंबर झटकायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तात्यांची बायको, आमची काकूच ओरडायची, "पुन्ना कर गं!"

नववीत असताना आक्कानं शाळेच्या गॅदरिंगला तेच केलं. घरात सगळ्यांना आवडतं ते स्टेजवरही आवडेल, असं तिला वाटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तात्या ताडकन उठले, स्टेजवर चढले आणि सगळ्या शाळेदेखत तिला दंडाला धरून खाली ओढलं. "चार लोकांत कंबर हलवतीस? घराण्याचं नाक कापलंस की!" दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. आक्काला मास्तरीण व्हायचं होतं. वडील थोरल्या भावापुढं कधी तोंड उघडत नसत, तेव्हाही उघडलं नाही. काकूही गप्प. वर्षाच्या आत आक्काला गडहिंग्लजला देऊन टाकली.

पुढं तो झटका सिनेमात आला, गणपतीच्या मिरवणुकीत आला. बालवाडीतल्या पोरी तो करायला लागल्या आणि आया कौतुकानं मोबाइलवर शूटिंग करायला लागल्या. कुणाचंही नाक कापलं गेलं नाही. याचा मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. लोक सुधारले म्हणे. सुधारलेत कसले, सोयीस्कर विसरलेत!

परवा आक्का माझ्या शेजारी खुर्चीत बसली होती. तात्या घाम पुसत आले.

"ए पोरी, बसलीयास काय? ऊठ की, नाच!"

"मला न्हाय येत, तात्या."

"न्हाय येत? आगं सोप्पं हाय. हे बघ." आणि ज्या माणसानं तिला स्टेजवरून ओढलं होतं, त्यानं तिच्यासमोर उभं राहून कंबर झटकली.

आता तरी आक्का त्यांना फाडून खाईल, असं वाटलं. तिनं पोराची वही तपासावी तसं त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"चुकतंय, तात्या. आधी खांदा. मग कंबर."

"व्हय की!" म्हणत त्यांनी झटका बरोबर मारला. सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या.